भोकं असतात ती बटणं

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… अगं मग मोठ्याने बोल ना, मशीन चालू आहे माझं… थांब, बंद करते… हां. आता बोल. कोण?

अगोबाई, समुपदेशक बाई! काय हा मान माझा! आणि हा दवाखान्यातल्या टेबलावरचा फोन ना?… मग कळलं. मावशीची आठवण आली की तू मोबाइलवरून करतेस, आणि मावशीचं काही वाकडं झालं की टेबलावरच्या फोनवरून. बोल, काय वाकडं झालं?

नाही नाही, 'कशा आहात' वगैरे राहू दे… अगं ऐक ना, राहू दे म्हटलं ना… बरं. बरी आहे. पाय? पाय आहेत. जागेवर आहेत. जळतायत. झालं तुझं? आता मुद्द्याचं बोल.

एक मिनिट, एक मिनिट… गिऱ्हाईक आलंय… तू धर गं. या साहेब. काय आणलंय? पँट… कंबर सैल करायची. बरोबर आहे, धुतल्यावर आकसली असेल. हल्ली सगळ्यांच्या पँटा धुतल्यावर आकसतात, माणसं तेवढी आहे तशीच राहतात… उलटी करून दाखवा बघू. अहो, आत माया सोडलेलीच नाही. कापड इतकं काटकसरीने कापलंय, सैल करू कुठून? मागे पट्टी जोडावी लागेल… चालेल? मग बसा दोन मिनिटं, माप घेते.

हां, तू बोल, मी ऐकतेय. फक्त मी जपून बोलेन हं… हो… हो… कसला रिपोर्ट?… अच्छा, ते. बरं मग?… काय?… परत सांग… नाही, ऐकू आलं, तरी परत सांग.

साहेब, ही पावती घ्या, सोमवारी या… हो, सोमवारी. नाही, उद्या नाही. उद्या मी असेन की नाही तेच कळेना झालंय… काही नाही, बहिणीची मुलगी आहे, घरचं चाललंय. या. दार ओढून घ्या जाताना.

गेला. बहिणीची मुलगी करून टाकलं तुला, चालेल ना? आता बोल मोकळं. माझ्या लघवीत काय सापडलं म्हणालीस?… काहीच नाही. म्हणजे तुमची ती दुखण्याची गोळी, अफूच्या जातीची, जी तुम्हीच मला इतकी वर्षं देताय, ती माझ्या लघवीत सापडली नाही. अगं मग टाळ्या वाजवा की! गेल्या खेपेला तोच डॉक्टर म्हणत होता ना, 'आजी, तुम्हाला या गोळीची सवय लागलीये, ही सुटायला हवी'? आजी म्हणे! त्याच्या आईपेक्षा लहान असेन मी. तर सुटली म्हणा. रिपोर्टच सांगतोय.

मग?… मग काय म्हणतो तो?… हं… हं… अगं स्पष्ट बोल, तोंडात मूग धरून बसू नकोस.

विकते?

मी?

हा तुमचा डॉक्टर म्हणाला? तो इस्त्रीवाला?… अगं त्यालाच मी इस्त्रीवाला म्हणते. शर्टाला एक चुणी नाही त्याच्या, आणि कपाळालाही नाही. कधी काही सोसलेलं असेल तर ना पडेल चुणी!… मी का शांत होऊ? तू शांत राहा. मी बोलते.

म्हणजे हिशेब असा झाला बघ. गोळी लघवीत सापडली तर मी व्यसनी. नाही सापडली तर मी विकणारी. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे तुमचा डॉक्टर खुर्ची टाकून बसलाय. सापडावी तरी किती, तेवढं त्याला विचारून सांग मला. चिमूटभर? रंगापुरती? त्याच्या इस्त्रीला चालेल इतकी?

आणि विकायला मी जाणार कुठे गं? हे पाय घेऊन? कोपऱ्यावरच्या दुकानातून दोऱ्याचं रीळ आणायचं तर मी शेजारणीला विनवते. जिन्याला मी पायरी-पायरीवर शिव्या घालते. आणि मी म्हणे चोरटा बाजार चालवते! वा. उंटावरचे शहाणे सगळे.

… काय म्हणालीस?… नाही, परत म्हण. 'मी समजू शकते.' हे वाक्य कुठल्या कोर्सात शिकवतात गं तुम्हाला? पहिल्याच दिवशी शिकवत असतील, हजेरी झाल्याझाल्या. समजू शकतेस तर समज की! 'शकते' कशाला मधे? ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बाई. आणि माझं नुसतं म्हणायला जळत नाही, तळपाय जळतात. पायाखाली निखारे आणि वर गार घाम. चादर लागली तरी सोसत नाही.

आणि ते कुणामुळे, सांग ना त्या इस्त्रीवाल्याला. तो शाळेत असेल तेव्हा. एचआयव्हीची सुरुवातीची औषधं होती ती. घेतली नसती तर मेले असते, घेतली म्हणून पायाच्या शिरा गेल्या. तक्रार नाही माझी, जीव वाचला. पण तेव्हा म्हाताऱ्या डॉक्टरने स्वतःहून ही गोळी लिहून दिली. मी मागायला गेले नव्हते. मला तर नावही म्हणता येत नव्हतं तिचं. म्हणाले, 'तुम्हाला दुकानात उभं राहायचंय ना? मग ही घ्या.' घेतली. उभी राहिले. इतकी वर्षं उभी आहे. आता म्हातारा डॉक्टर निवृत्त होऊन बागेत फिरतो, आणि हा नवा मला विचारतो, 'ही सवय कधी लागली?'

हो, हो… करार. माहितीये. सही केलीये मी. वाटेल तेव्हा तपासणी करू, गोळी दुसऱ्याला द्यायची नाही, हरवली तर नवी मिळणार नाही. वाचून सही केली, आंगठा नाही लावला. त्यात डॉक्टरने काय करायचं ते एका ओळीत तरी आहे का बघ जरा. मी बघितलं. नाही.

आणि भिंतीवरचा तो फोटो? त्याचं काय? 'नियमित औषधं, निरोगी आयुष्य.' माझेच दात दिसतायत ना त्यात? त्या इस्त्रीवाल्याच्या खुर्चीच्या बरोब्बर मागे लावलाय तुम्ही. तो माझ्याशी बोलतो तेव्हा त्याच्या डोक्यावरून मीच माझ्याकडे बघून हसत असते. त्याने एकदा मान वळवली असती तर! पण मान वळली की कॉलर चुरगळते ना. काढून टाक तो फोटो. आज काढ. चोरांचे फोटो पोलीस चौकीत लावतात.

… अगं हो, ऐकतेय… नाही, रागावले नाही तुझ्यावर. तुझ्यावर रागावून काय करू, तू निरोप्या. तुझी कीव येते मला…

काय विचारलंस?

… हॅलो? आहे मी. लाइन गेली नाही.

बरं, विचारलंयस तर ऐक. गोळ्या कुठे जातात? कुठे जात नाहीत. इथेच आहेत. माझ्यासमोर. बटणांच्या बरणीत… बटणांच्या गं. तीच काचेची, पांढऱ्या झाकणाची. शर्टाच्या पांढऱ्या बटणांची. तू पहिल्यांदा माझ्याकडे आलीस, नुकतीच तपासणी झालेली, डोळे सुजलेले, कुणाशी बोलेनास, तेव्हा तुला मी ज्या बरणीसमोर बसवलं होतं ना, तीच. चार भोकांची वेगळी, दोन भोकांची वेगळी. आठवतंय? निवडता निवडता रडायचीस आणि रडता रडता निवडायचीस. हो, तीच. आता तीत बटणांबरोबर माझ्या गोळ्या आहेत.

कारण? कारण तुमच्याच त्या बाकड्यावर ऐकलं मी. नंबराची वाट बघत बसले होते. रिक्षावाला सांगत होता, नव्या डॉक्टरने त्याची गोळी एकदम तोडली. ती केस कापणारी बाई म्हणाली, तिची निम्मी केली, पुढच्या खेपेला बंद. सगळ्यांचीच करणार म्हणे. मी काय वेडी आहे? आपला नंबर येणारच. मग म्हटलं, तो तोडायच्या आधी आपण साठवून ठेवू. आधी संध्याकाळची टाकत गेले बरणीत. रात्रभर पाय भिंतीला लावून पडायचं, भिंत गार असते. आणि दवाखान्याच्या त्या खेपेआधी, लघवी मागतील हे माहीत नसताना, दोन्ही वेळच्या टाकायला लागले. म्हटलं, जमेल तेवढ्या वाचवू.

हो गं. एकदम बंद. म्हणून तर लघवीत काही नव्हतं… तुला काय वाटलं, हवेत उडून गेली?

आता कळलं? घाबरून साठवल्या, म्हणून घेतल्या नाहीत. घेतल्या नाहीत, म्हणून तो तोडणार. हसू नाही येत तुला? मला तर फार येतंय. इतकी शहाणी मी, आणि स्वतःच्या हाताने त्याच्या हातात कात्री दिली.

… अगं तेव्हा बघितलंस ना मला तू? लघवी दिली त्या दिवशी? घामाने ब्लाउज ओला, हात थरथरत होते, नाक गळत होतं, दोनदा संडासला पळाले. तू पाणी आणून दिलंस… काय?… तेही लिहिलंय त्याने? काय लिहिलंय?… 'नशेत असल्यासारखी वाटत होती'?

वा रे वा. वा! त्याच्यासमोर पहिल्यांदाच अंगात एक गोळी नव्हती माझ्या, आणि तेव्हाच मी नशेत! गोळी खाऊन त्याच्यासमोर ताठ बसायचे, नीट बोलायचे, तेव्हा त्याला कधी काही दिसलं नाही. इतकं शिकून माणसाला एवढंही कळू नये? चुकीच्या बाजूने शिवलेली पँटसुद्धा लांबून ओळखू येते गं.

हो… हो, नंतर परत सुरू केली. अर्धी अर्धी… माहितीये, माहितीये, एकदम पहिल्याइतकी घ्यायची नाही, मधे खंड पडला की अंगाला झेपत नाही, झोपेतच श्वास थांबतो. तूच सांगितलं होतंस, बघ, तुझं काही काही लक्षात ठेवते मी.

… बरणीतच का? डबीत का नाही? कारण डबी उघडली की घेतली! घ्यावीशी वाटते गं. खोटं कशाला बोलू? पाय पेटले की वाटतं, सगळ्या एकदम तोंडात टाकाव्या. म्हणून बटणांत टाकल्या. निवडत बसावं लागतं. निवडेपर्यंत मन ताळ्यावर येतं. कुलपापेक्षा बरं… हो, तुमच्या कोर्सात नसेल हे.

तशी फजितीही झाली. त्या दिवशी एका साहेबांच्या बाहीला बटण लावायला घेतलं, सुई आत जाईचना. म्हटलं काय बटण आहे की दगड! चष्मा लावून बघते तर गोळी. साहेब समोर बसलेले. म्हटलं, 'माल खराब येतो हल्ली.'

हसलीस. चला, हसलीस तरी. समुपदेशक बाईंना हसायला परवानगी आहे वाटतं.

… हं… हं… ऐकतेय… काय आणू?

नाही.

अगं नाही म्हणजे नाही. सगळ्या? त्याच्या टेबलावर नेऊन ओतू? 'बघा साहेब, विकल्या नाहीत हो, मोजून घ्या'? आणि तो म्हणाला, 'छान, या मी ठेवतो, आणि पुढच्या बंद'? मग मी काय करू? बटणं गिळू?

अगं ऐक ना. ऐक. मागच्या वेळचं तुला माहीत नाही. तू यायच्या आधीचं ते. म्हातारा डॉक्टर आजारी पडला होता, बदलीवर एक आला. असाच. त्याने एका फटक्यात तोडली. मी दुकानाला आतून कडी लावली, जमिनीवर पडून राहिले. उलट्या, हागवण, आणि पाय तर काय सांगू. आणि तुमची ती मोठी गोळी, एचआयव्हीची, तीही नाही घेतली. घ्यावीशीच वाटली नाही. जिवंत राहायचं कशाला, हे असं जळायला? दवाखान्याचं तोंडही बघितलं नाही कित्येक महिने. मग छातीत पाणी झालं. उचलून नेलं मला शेजाऱ्यांनी. म्हातारा डॉक्टर मला बघून रडला होता. खरंच रडला.

म्हणून सांगते, ही गेली की तीही जाते. माझं मला माहीत आहे. मी काही फार धीराची नाही. त्या भिंतीवरच्या फोटोतली बाई धीराची आहे. तिच्या हातात ही गोळी आहे म्हणून ती हसतेय. तुमच्या फोटोवाल्याने ती कापून टाकली, एवढंच.

तेव्हा बरणी मी देणार नाही. कळव त्याला. विकते म्हण. व्यसनी म्हण. दोन्ही म्हण, एकावर एक.

… विश्वास? कुणावर? त्याच्यावर?… तुझ्यावर. तू काय करशील गं? तू खुर्चीच्या बाजूला उभी राहशील आणि म्हणशील, 'सर, मी समजू शकते.' तुझं ऐकतो का तो? इतक्या महिन्यांत तुझं नाव तरी धड घेतलंय का त्याने?… 'सिस्टर' म्हणतो. तू सिस्टरही नाहीस! घे.

… काय?… काय सांगशील त्याला?

गप्प बस.

गप्प बस म्हणते ना! वेड लागलंय का तुला?… नाही. तुझं तू काही सांगायचं नाहीस. अगं, त्या दवाखान्यात सगळे एचआयव्हीवाल्यांची सेवा करतात, पण टेबलाच्या पलीकडे बसून. तू अलीकडची आहेस हे कळलं की चहाचा कप वेगळा होईल तुझा. फुकट शिकवू नकोस मला, इतकी वर्षं बघतेय… त्याला काय, तो मनात लिहून ठेवेल, 'हिलाही तपासा.' तुझी ती खुर्ची, तो टेबलावरचा फोन, सगळं…

अगं हो, मी तुला तुझी एचआयव्हीची गोळी घ्यायला लावली, ठीक आहे. समोर बसवून घ्यायला लावली. तू थुंकायचीस आणि मी परत द्यायचे. म्हणून काय तू सगळ्यांसमोर कपडे उतरवणार? मावशीसाठी? कुणी सांगितलंय? मी मागितलं तुझ्याकडे?

… रडतेस का? ए… रडतेस काय टेबलावरच्या फोनवर? कोणी बघेल… हो, बोल… बोल बाई…

काय म्हणालीस?… 'तुम्ही गेलात तर मी तरी कोणासमोर बसून घेऊ?'

… अजून तशीच घेतेस? माझ्याकडे बसून? म्हणजे रविवारी येतेस ती… मला वाटलं, चहाला येतेस. मी आपली दूध जास्त आणून ठेवते.

वेडी कार्टी.

बरं. बरं, ऐक. ऐक आता. एकदाच बोलते, नंतर मलाच राग येईल. आणते बरणी. आज. त्याच्या दवाखान्याची वेळ संपायच्या आत. ओतते त्याच्यासमोर. पण तू तोंड उघडायचं नाहीस तुझ्याबद्दल. चकार शब्द नाही. ही अट… शपथ घे… माझी घे, स्वतःची नको, तुझ्या जिवासाठी मी फार कष्ट घेतलेत.

आणि त्याने ऐकलं नाही तर? नाही, मला सांग, नाहीच ऐकलं तर?… म्हाताऱ्या डॉक्टरला बोलावशील? बागेतून? त्याने ऐकलं तर बघू. ये म्हणावं, चुरगळलेल्या शर्टातच ये, मला ओळखू तरी येईल.

हो, काढते ना… थांब, फोन स्पीकरवर टाकते. कटिंगच्या टेबलावर ओतते… ऐकलंस? एवढी मोठी बरणी. पसरली बघ… हां. ही… नाही, बटण. ही… बटण. हिला भोकं… आहेत. हिला…

थांब जरा. ही… गोळी. नाही, बटणच. उजेड नाही इथे.

… नाही, चष्मा लावलाय.

… अगं, सांगायचं नव्हतं मला. बोटांना कळत नाही आता. पायाचं होतं तेच हाताला आलंय. भोकं आहेत की नाहीत, कळतच नाही… कधीपासून काय, झाले बरेच दिवस. सुई डोळ्याने धरते, बोटाने नाही. कोणाला सांगायचं, गिऱ्हाइकांना? की इस्त्रीवाल्याला? म्हणाला असता, 'नशेत हात चालत नाहीत.'

… हो, सांगायला हवं होतं. आता सांगितलं ना!

बरं, मग असं कर. तू ये. आत्ता ये, रजा टाक. तुझी बोटं चांगली आहेत अजून, बटणं निवडायला मीच शिकवलंय तुला. चार भोकांची वेगळी, दोन भोकांची वेगळी, आणि एकही भोक नसेल ती माझी. निवड, आणि आपण दोघी मिळून जाऊ. जिना उतरायला मला धर. धरू देईन आज.

आणि येताना… नाही, फळं नकोत. सहानुभूती तर आणूच नकोस, ती तिथेच ड्रॉवरमध्ये ठेव. आणि दारात पाऊल टाकल्या टाकल्या 'समजू शकते' म्हणालीस ना, तर बरणी तुझ्याच डोक्यावर…

हो. हो, आहे मी इथेच. कुठे जातेय? ये लवकर. पाय जळतायत. ठेव.

ठेव ना आधी तू.